हिरवं पाणी

नाना, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे.

प्रयोगशाळेच्या खिडकीखालचा कट्टा, समुद्राच्या पाण्याचे निळे कॅन, आणि त्यांच्यामागे डबा. तुम्ही रोज ठेवायचात तिथेच. घासून, पुसून, पालथा घातलेला. आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले, आणि या सोळा दिवसांत त्याच्याकडे बघितलं नाही असा एक तास गेला नसेल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ताई, डबा काय भिंगातनं बघायची चीज हाय व्हय?"

कॉलेजने शोकसभा घेतली. प्राचार्य बोलले, ऑफिसातले दोघे बोलले. प्रामाणिक, मनमिळाऊ, वेळेवर येणारे. तुमच्याबद्दल खोटं कुणीच बोललं नाही, पण तुम्हीही त्यात कुठे नव्हतात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याचं कारण दिलं. एरवी माझा घसा कधी बसत नाही हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. मला जे बोलायचं होतं ते त्या खुर्च्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी भोरला रुजू झाले तेव्हा सगळे हसले होते. वेल्ह्याची मुलगी, किनाऱ्यावर जाऊन कालवांच्या अळ्यांवर डॉक्टरेट केली, आणि नोकरी लागली डोंगरात. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले, "मॅडम, भाटघरच्या धरणात मीठ टाका, झाला समुद्र." मीही हसले आणि प्रयोगशाळेत येऊन दार लावून रडले. तुम्ही तेव्हा बाटल्या धूत होतात. प्रयोगशाळेचे परिचर म्हणून तुमची वीस वर्षं झाली होती, रडणाऱ्या बाया तुम्हाला नवीन नसाव्यात. मागे न वळता तुम्ही म्हणालात, "वरंध्याचा घाट उतरला की समुद्र काय लई लांब न्हाई. म्या आणतो की पाणी."

हिर्डोशीचा माणूस, भात आणि नाचणीत वाढलेला. समुद्र तोपर्यंत एकदाच पाहिलेला. पण पंधरा दिवसांत तुम्ही गावातल्या भाजीच्या टेम्पोवाल्याशी संधान बांधलंत, घाट उतरलात आणि आठ कॅन पाणी घेऊन आलात. पुढच्या खेपेला ओल्या पोत्यात कालवं. खडकावरून ती कशी सोडवायची हे तुम्ही ओहोटीला बसलेल्या बायकांकडून शिकून आला होतात. पावसात घाट बंद झाला की आपण एकेक कॅन जपून वापरायचो. मी एकदा हात धुवायला समुद्राचं पाणी घेतलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात.

आपलं काम काय आहे हे तुम्ही लोकांना माझ्यापेक्षा बरं सांगायचात. कालवाचं पिल्लू रव्याच्या कणापेक्षा बारीक. काचेसारखं आरपार. त्याला ताई एक रंग पाजतात, तो ठरावीक जागीच जाऊन बसतो. मग अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर दुसराच प्रकाश टाकायचा, की रंग बसलेली जागा तेवढी पेटते. "पिल्लाच्या अंगात कुठं काय तयार व्हतंय ते दिवा लावून बघायचं," असं तुम्ही सांगायचात, आणि वर जोडायचात, "तुमच्या पोराचं काय बिघडलंय ते बी दिसंल, आणा एकदा." मी अळ्या म्हणायचे, तुम्ही पिल्लं. चार वर्षांत तुम्ही एकदाही अळ्या म्हणाला नाहीत.

माझा शोधही त्या पेटलेल्या जागेचाच होता. तिसऱ्या दिवसाच्या अळीत, आतडं जिथे घडतं तिथे, लाल चमकणारा एक ठिपका. मी म्हटलं, या त्या पेशी, ज्या सगळ्यांत आधी जाग्या होतात आणि मग बाकीचं आतडं उभं करतात. या जातीच्या कालवात हे कुणी दाखवलेलं नव्हतं. आपलं यंत्र जुनं, कुठल्या तरी संस्थेने टाकून दिलेलं. ठिपका आतड्याच्या भिंतीत आहे की पोकळीत हे ते नीट सांगत नव्हतं. तो भिंतीत आहे असं मी धरून चालले, कारण मला तो भिंतीत हवा होता.

त्यातला सगळ्यांत सुंदर फोटो मी मोठा छापून दारावर लावला. तुम्ही हातातली बादली खाली ठेवून तो बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, "पोट भरलंय की ह्याचं."

मी हसले, नाना. इतकंच नाही. पुण्यात एका चर्चासत्रात माझं भाषण संपवताना मी तो किस्सा सांगितला. आमच्या परिचरांना एवढा लाल ठिपका बघून काय वाटलं, तर पिल्लाचं पोट भरलंय. सभागृह हसलं. चहाच्या वेळी दोघातिघांनी येऊन सांगितलं, किती गोड. तुम्हालाही परत आल्यावर सांगितलं मी, लोक फार हसले म्हणून. तुम्ही खूश झालात. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

कारण त्या सभागृहात खरी गोष्ट फक्त तुमचीच होती.

आपल्या अळ्या शेवाळावर जगतात. बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, बाटल्यांत वाढवलेलं. तुमच्या भाषेत हिरवं पाणी. आणि शेवाळाला हिरवं करणारं द्रव्य आपल्या यंत्राच्या प्रकाशात लालभडक पेटतं, कुठलाही रंग न लावता. हे बी.एस्सी.च्या मुलाला ठाऊक असतं. म्हणूनच नियम आहे, की फोटोसाठी अळ्या मारायच्या त्याच्या आदल्या दिवसापासून त्यांना खायला द्यायचं नाही. पोट रिकामं झालं पाहिजे. हा नियम मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितला. तुम्ही विचारलंत, "का वं?" मी म्हटलं, "पद्धत आहे तशी." पुन्हा एकदा विचारलंत, वर्षभराने. तेव्हाही मी घाईत होते. तेव्हाही पद्धतच सांगितली.

तिथे मी पाच मिनिटं बसून कारण सांगितलं असतं, तर आज काय काय झालं नसतं त्याचा हिशेब मी आता करत नाही. केला की झोप येत नाही.

परदेशातल्या एका नियतकालिकाकडे मी लेख पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं: लेख चांगला आहे, फक्त रंग न लावलेल्या अळ्यांचे फोटो पुन्हा, वेगळ्या खेपांमधून घेऊन पाठवा. मी निर्धास्त होते. रंग न लावलेल्या अळ्या मी पूर्वी एकदा बघितल्या होत्या आणि त्या काळ्याकुट्ट निघाल्या होत्या. म्हणून तर ठिपका रंगाचाच आहे अशी माझी खात्री पटली होती. ती खेप आषाढातली होती हे मात्र माझ्या लक्षात नव्हतं. तुम्ही लावणीसाठी रजेवर होतात, आणि अळ्या मी एकटीने सांभाळल्या होत्या.

तो दिवस. सकाळी दहा-साडेदहा. मी बिनरंगाच्या अळ्या काचेवर घेतल्या, दिवा लावला, आणि पडद्यावर एकामागून एक लाल ठिपके उगवायला लागले. काच बदलली. तेच. दुसरी खेप काढली. तेच. तुम्ही पाठीमागून वाकून बघितलंत आणि कौतुकानं म्हणालात, "लई ग्वाड दिसत्यात. हिरवं पाणी प्यालेत ना, पोटं दिसाया लागली."

"कसलं हिरवं पाणी? कालपासून उपाशी आहेत ना त्या?"

तुम्ही फडक्याने कट्टा पुसायला लागलात.

"नाना, उपाशी होत्या ना?"

"कालपासनं न्हाई घातलं, ताई. तुमी सांगितलं तसं. फकस्त सकाळी, मारायच्या आदी जरासं."

"रोज? प्रत्येक खेपेला?"

"उपाशी कसं मारायचं?" तुम्ही मलाच विचारलंत, जसं काही मीच विसरले होते. "जत्रंला बकरं कापायचं तरी आदी पाला घालत्यात, पानी दावत्यात. ही तर एवढी एवढीशी पिल्लं. मरायच्या वाटंवर कुनाला उपाशी धाडू नाय."

मी काय बोलले ते इथे सगळं लिहीत नाही, तुम्ही ऐकलंय. माझी जीभ तुम्हाला माहीत होती. "ताईच्या बोलन्यात मीठ कमी न् तिखट जास्ती" असं तुम्हीच म्हणायचात. पण त्या दिवशी ते तिखट नव्हतं, विष होतं. तुमच्या अडाणीपणानं माझी चार वर्षं खाल्ली, असं म्हणाले. चोवीस वर्षं बाटल्या धुऊन अक्कल आली नाही, असंही म्हणाले. आणि शेवटी, उद्यापासून या खोलीत पाऊल टाकू नका. वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी. एकाच खेपेवर विसंबून राहिले ती मी, दोनदा विचारूनही कारण सांगितलं नाही ते मी, आणि आतड्याची पोकळी न बघता भिंत बघितली तीही मीच.

हात पुसलेत. हवेच्या पंपाच्या नळ्या एकेक करून बघितल्यात, त्यांतली एक तुंबली होती ती फुंकून मोकळी केलीत. दारात थांबून म्हणालात, "पानी पंधरा दिस पुरंल." आणि गेलात. साडेअकरा वाजले होते.

तुम्ही बाराच्या ठोक्याला जेवायचात. साखरेचा आजार होता, सकाळी गोळी घ्यायचात, आणि मला बजावायचात, "गोळी घेतली की टायमाला पोटात गेलं पायजे, न्हाईतर चक्कर ठरल्याली." एवढ्यासाठी मी बारा वाजता कुठलं काम कधी तुमच्या माथी मारलं नाही. तो एक मान मी ठेवला होता.

दोन वाजता मला डबा दिसला. कॅनांच्या मागे, रुमालात गुंडाळलेला, गाठसुद्धा न सोडलेली.

फोन करायला हवा होता. नंबर काढलासुद्धा. मग मनात आलं, राहू दे, रुसलेत तर रुसू दे, एक वेळ उपाशी राहिल्याने कुणी मरत नाही. हे अगदी याच शब्दांत मनात आलं होतं. मी फोन ठेवला आणि नियतकालिकाला काय उत्तर द्यायचं याचा मसुदा लिहीत बसले.

पाचला तुमच्या वाडीतून फोन आला. एसटी चुकली म्हणून तुम्ही वडापच्या जीपने फाट्यापर्यंत आलात, तिथून वर चालत निघालात, आणि चढावरच्या आंब्याखाली बसलात. गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बायकांना वाटलं, नाना डुलकी काढतायत.

मी पोहोचले तेव्हा अंगण भरलं होतं. डॉक्टरांनी हृदय लिहून दिलं होतं. सोनाकाकी तुमच्या उशाशी होत्या. मला बघून त्यांनी बाकी काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "ताई, जेवलं व्हतं का वं ह्ये? सकाळी गोळी घेऊन गेलं व्हतं."

"हो काकी," मी म्हटलं. "माझ्यासमोर जेवले."

एवढ्यावर थांबायचं, तर नाही. "चटणी झकास झालीय म्हणाले," असंही जोडलं. डब्यात काय आहे हे तेव्हा मला माहीतसुद्धा नव्हतं. काकींनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मग येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या तेच सांगत राहिल्या. जेवून निघालं व्हतं. ताईंच्या म्होरं जेवलं. चटणी चांगली झाली म्हनलं. माझं खोटं त्या अंगणात घरोघरी वाटलं जात होतं आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला. दोन नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. मी दोन्ही नेऊन नदीकाठी ठेवलं, आणि डबा घासला. घासताना वाटलं, माया म्हणून घासते आहे. खरं काय ते नंतर कळलं.

बैल गेला आणि झोपा केला, तसं मग मी सगळं शिस्तीत केलं. नवी खेप, माझ्या हाताने, पूर्ण दिवस उपाशी. रंग लावलेल्या आणि न लावलेल्या, दोन्ही. दोन्ही काळ्या. ठिपका नाही, शोध नाही, काही नाही. नियतकालिकाला कळवलं की लेख मागे घेते आहे, चूक माझी आहे. कारणात तुमचं नाव लिहिलं नाही. तुम्हाला वाटेल, उपकार केले. उपकार नाहीत, तेच खरं होतं.

आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी रोज तुमच्याशी भांडते. म्हणते, नाना, उपाशी ठेवल्याशिवाय खरं दिसत नाही, मग खऱ्यासाठी एक दिवस उपाशी ठेवलं तर काय बिघडलं? तुम्ही म्हणता, त्याला बिचाऱ्याला तुमच्या खऱ्याचं काय? इथे मी अडते. चार वर्षांत मी लाखांनी अळ्या मारल्या असतील, आणि मारण्याआधी त्यांचं काय देणं लागतो हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो तुम्हाला पडला, आणि तुम्ही गुपचूप, पगारात न बसणारं काम म्हणून, सकाळी सकाळी त्यांना दोन थेंब पाजत राहिलात. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे, की तुम्हाला रागवायचं, मला कळत नाही. आभारच मानते. राग काढून झालाय.

आता पाणी आणायला कुणी नाही. टेम्पोवाला म्हणाला, नानाबिगर मला ते कॅन जमायचं न्हाई. म्हणून काल सकाळी शेवटची खेप संपवायची ठरवली. हिरव्या पाण्याची बाटली काढली आणि तुम्ही द्यायचात तसं दिलं. थेंब मोजले नाहीत. अर्धा तास थांबले. मग त्यांतल्या थोड्या काचेवर घेऊन दिवा लावला. कुठला रंग नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला पाठवायचं नाही. अंधारात लाल लाल पोटं पोहत होती. एकही रिकामं नव्हतं. मी दिवा बंद केला आणि पुढचं जे करायचं ते केलं.

त्याच वेळी काकींचा निरोप आला. वाडीतला एकजण भोरला आला होता, म्हणाला, "काकी म्हनत्यात, नानांचा डबा तितं ऱ्हायलाय का बगा. आठवन म्हनून पायजे."

सोपं होतं. घासलेला डबा द्यायचा. रिकामा, स्वच्छ, जेवलेल्या माणसाचा. तेव्हा कळलं मी तो का घासला होता ते. माझ्या खोट्याचा पुरावा मी दुसऱ्याच दिवशी तयार करून ठेवला होता. एक खोटा लेख मागे घेतला म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते, आणि दुसरा कट्ट्यावर पालथा घातला होता. काकींचा एवढाच आधार होता की तुम्ही जेवून गेलात. तो काढून घ्यायचा मला हक्क आहे का, याचं उत्तर मला रात्रभर मिळालं नाही. तरीही आज सकाळच्या एसटीने गेले. हे कागद त्याच एसटीत सुरू केले, तेव्हा डबा मांडीवर होता. वर लिहिलंय तो कट्टा मी डोळे मिटून, आठवून लिहिलाय.

तुमच्या घरी मी किती वेळा आले असेन? पाण्याच्या खेपेला जाता-येता, लावणीला, जत्रेला. पाच मिनिटांसाठी आले तरी काकी आतून ओरडायच्या, "जेवल्याबिगर उठायचं न्हाई." एकदा मी डबा खाऊन आलेय म्हटलं, तर माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवून त्यांनी मला सोडलं.

आज मी ओटीवर बसले आणि सांगितलं. सगळं. मी काय बोलले, तुम्ही कधी निघालात, दोन वाजता डबा दिसला, फोन हातात घेऊन खाली ठेवला. भाकरी दोन होत्या, चटणी सुकटाची होती, गाठ तशीच होती. तुम्ही तिला हातही लावला नव्हता.

काकी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गोळी घेतली व्हती त्यांनी." माझ्याकडे न बघता, स्वतःशीच.

मग त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं, आणि आत गेल्या.

मी बसून राहिले. आत चूल पेटली. भाताचा वास आला, इंद्रायणीचा, तुमच्या खाचरातला. ताट मांडल्याचा आवाज आला. एकच ताट. बारा वाजले असतील. मला वाटत होतं आता हाक येईल. यावी असं नव्हतं, न यावी असंही नव्हतं, पण कान तिकडेच लागले होते.

बऱ्याच वेळाने काकी दारात आल्या. हात कोरडे, पदर खोचलेला.

"एसटी जाईल, ताई," म्हणाल्या.

मी उठले. उतारावरून तुमच्या आंब्याजवळून खाली आले. फाट्यावर उभी राहून हे शेवटचं लिहिते आहे. नाना, तुमच्या घरातून आज मी पहिल्यांदा उपाशी निघाले.